प्रश्न बाहेर ठेवले

डोळ्यांत थेंब टाकून रोहिणीबाई नंदुरबारच्या दवाखान्यात डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावरची माय आणि तिचा लेक दिसत नव्हते. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"नवनीत, तुन्हा फोन आज कसा वाजत नै? दिवाळीमा तर जेवू देत नव्हता."

"आते नै वाजाव, माय. कोना माल कुठे शे, असा प्रश्न आमनी कंपनीना प्रोग्राम डेटाबेसले इचारस ना? पहिले ते सगळा प्रश्न कोडमाच व्हतात. मी ते बाहेर काढीसन वेगळ्या फाइलमा ठेवी दिनात."

"मंग?"

"प्रश्न बदलना व्हयना तर कोनीबी ती फाइल उघडीसन बदली टाकस. कोडले हात लावना नै, माले इचारना नै."

"म्हंजे तुन्हाशिवाय त्यास्नं चालस?"

"चालस."

"मंग तुले ठेवतीन कसाले? येडा! आपली गरज आपलाच हातवरी मोडी उना!"

"तू बी आश्रमशाळामा रांधे तवय आमटीनं माप कोनले सांगे नै."

"म्हनीसन तर टिकनू तठे. मन्हाशिवाय पान हाले नै."

"आनि आजा वारना तवय येळवर जाता उनं का तुले?"



"रांधाले दुसरं कोनी नव्हतं रे. मी गऊ तवर राख बी सावडेल व्हती."

चपलांचा आवाज जवळ आला.

"दगूबाई, चला ऑपरेशनला. सोबत कोण आहे? त्यांना म्हणावं, फोन बंद ठेवा."

"मन्हा पोऱ्या शे, सिस्टर. पुनाथीन उना. त्याना फोन वाजतच नै."