श्रीचं 'मम्पिर'

आमच्या अबुधाबीच्या इमारतीतल्या श्रीची गंमत सांगते. ती जावाच्या एका खेड्यातली. भातकापणीसाठी गावी निघाली होती. दाराला कुलूप लावताना मला पाहून म्हणाली, "मम्पिर!" म्हणजे, आत या.

मी खरंच थांबले. तिनं हसत कुलूप उघडलं आणि चहा ठेवला.

तेवढ्यात खालून तिच्या नवऱ्याचा फोन. "यल्ला! टॅक्सी उभी आहे, विमान चुकेल!"

मी दचकले. "अगं, मग बोलावलंस कशाला?"

"गावात दारावरून जाणाऱ्या सगळ्यांनाच म्हणतो, दीदी. लोक 'पुढच्या वेळी' म्हणतात आणि शेतावर जातात."

"मग मीही पुढच्या वेळी!"

"आता आलात ना? चहा घेऊनच जायचं."

शेवटी मी तो कढत चहा बशीत ओतून घटाघटा प्यायले, तेव्हा कुठे बाईंना विमान मिळालं!