ठिबकशेजारी उभा मी

...आणि वर लिहिलंय ‘अभिनंदन’! आता तुम्हीच सांगा, सरकारनं आपणहून कधी कुणाचं अभिनंदन केलंय? सिंगापुरात, पुंगोलच्या एलआरटी गाडीत उभा होतो, एका हातात मुलीचं दप्तर, दुसऱ्या हातात फोन, आणि फोन म्हणतो, शेतकरी बंधू विनायक, तुमचं ठिबक सिंचनाचं अनुदान खात्यात जमा झालं. मी शेतकरी? अहो, बाल्कनीतला कढीपत्ता जगत नाही माझ्याच्यानं... वन-नॉर्थच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढतो मी. अर्ज केला नाही, सही केली नाही. तेव्हाच म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

गार्गीनं, म्हणजे आमच्या कन्येनं, पुरतं वाचायच्या आधीच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत निकाल दिला, ‘बाबा, स्कॅम लाह. ब्लॉक.’ बघतो तर पैसे खरंच आलेले. स्कॅमवाले पैसे नेतात हो, आणून कोण ठेवतं? म्हणजे डाव आणखी मोठा. गावी थोडी जमीन आहे आमची, सातबारावर नाव माझं, कसतो चुलतभाऊ प्रताप. वडील जाताना एवढंच म्हणाले होते, ‘विनू, नाव जाऊ देऊ नकोस.’ आज अनुदान, उद्या अंगठा, परवा जमीन प्रतापची... पाणी मुरतंय, नक्की मुरतंय.

लावला फोन. प्रताप एकदम थंड. ‘दादा, पाइप माझे, पण जमीन तुझी, मग अर्ज तुझ्याच नावानं करावा लागणार ना? आले का पैसे? पाठव मग इकडं.’ मी म्हटलं, आणि शेतकरी समक्ष लागतो, त्याचं काय? ‘होता की. शेतात उभा करून फोटो काढला कृषी खात्याच्या साहेबांनी.’ कुणाचा? ‘तुझा.’

अहो, मी इथं! धाडला त्यानं फोटो. ठिबकच्या नळीशेजारी टोपी घालून मी उभा. म्हणजे मी नव्हे, प्रतापचा मेव्हणा, निहार. पण तुम्हाला सांगतो, छाती काढून असा उभा होता, की क्षणभर मलाच वाटलं, आपण हेच. अनुयाला, बायकोला दाखवला, तर चष्मा न लावताच म्हणते, ‘किती बारीक होतास रे. कधीचा आहे?’ म्हणजे पाणी मुरत मुरत पार माझ्या घरात आलेलं!

मग तावातावानं त्या फोटोवाल्या साहेबांनाच फोन केला. म्हटलं, मी विनायक बोलतोय, सिंगापूरहून. ‘काय राव चेष्टा करता? विनायकराव इथं समोर चहा पीत बसलेत. देऊ का फोन?’ आणि दिला हो! पलीकडून तो निहार मलाच विचारतो, ‘हां, बोला, कोण आपण?’ आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘सॉरी, राँग नंबर.’

प्रतापला ठणकावलं, दिवाळीला येतोय, बांधावर उभा राहून गावाला सांगणार, शेत माझं आहे. तर तो लहान मुलाला समजवावं तसा म्हणतो, ‘ये की दादा, तुझंच आहे. फक्त फेरतपासणी व्हायचीय अजून. दोन-दोन विनायक दिसले, तर यादीतनं नाव उडंल.’

नाव! वडिलांनी तेवढंच तर सांगितलं होतं...

तर पैसे धाडलेत, तिकीट काढलंय. आणि गावात कुणी विचारलंच, पाहुणे कुठले, तर काय म्हणायचं, तेही प्रतापनं पढवून ठेवलंय... ‘मी निहार. प्रतापचा मेव्हणा.’