आईची पावलं

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलंय. पण ‘चहा घेताना तरी बस, सारख्या फेऱ्या काय मारतेस’ असं तू तीनदा म्हणालीस, म्हणून सांगते.

डॉक्टरांनी आईला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. पहिल्या दिवशी ती एअरपोर्टवरची शिफ्ट करून आली, स्वयंपाक उरकला, चालायचे ट्रेनर्स बूट घातले आणि निघाली. तिचा फोन राहिला म्हणून मी मागे गेले, तर ती कोपऱ्यावर आमच्याच गाडीत सीट मागे करून झोपलेली!

मी काच वाजवली. ती दचकली. “बाबांना सांगू नकोस हं.”

“अगं, मग घरीच झोप ना.”

“घरी आडवी झाले की दोन मिनिटांत कुणीतरी हाक मारतं. चालायला गेले की नाही मारत.”

मग मनगटावरचं घड्याळ काढून तिने माझ्या हातात बांधलं. “बाबा यावरची पावलं बघतात. जरा फिर.”

तेव्हापासून मी चालते आणि ती गाडीत झोपते, आत्ताही. काल बाबा म्हणाले, “बघ, चालण्याने आई किती फ्रेश दिसते!”

थांब, बाबा बोलावतायत. आले, बाबा! काय? तुम्हीही आईबरोबर चालायला निघालात? आत्ता? एक मिनिट, मी आधी तिला उठव—