वाघाच्या सालातल्या गाठी

नागोयात ट्रामच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एकीच्या हातात लढाईवरच्या लेकाच्या रक्षणासाठी हजार बायकांकडून एकेक गाठ घालून घ्यायचा कापडी पट्टा होता, दुसरीच्या अंगात विमान कारखान्याचा डगला.

"ताई, एक गाठ घालता? मुलगा विमानवाहू जहाजावर आहे, चीनच्या बाजूला."

"कुठल्या विमानात?"

"दुहेरी पंखांच्या. वरून सूर मारून बॉम्ब टाकतं म्हणे."

"त्याच पंखांचं कापड शिवते मी. आधीच्या इंजिनात दम नव्हता. आता नवं बसवलंय."

"पण पंख टिकतात ना?"

"माझे टाके सुटत नाहीत. द्या सुई."

"तुमचं जन्मसाल बारा प्राण्यांपैकी कोणाचं?"

"वाघाचं."

"देवच पावला. मग वयाइतक्या गाठी तुम्हीच घाला. वाघाच्या सालातल्या बाईची गाठ माणसाला घरी आणते."

"घालते. माझ्या भावाच्या, केन्साकूच्या पट्ट्यावरही घातल्या होत्या. तोही तसल्याच विमानात मागे बसायचा."

"आला ना परत?"

"पट्टा आला."

पट्टेवालीने कापडावरचा हात काढला.

"बाई, हात कशाला मागे घेताय? कापड ताणून धरा."

"ताई, राग मानू नका. घातल्यात तेवढ्या उसवून द्याल?"

"कापड फाटेल, बाई. सांगितलं ना, माझे टाके सुटत नाहीत."