मागच्या फाटकाने गेलेली उमेदवार

अंधेरी, दि. १२ जून १९८४

नाव अनुपमा श्यामसुंदर कोठारे, वय ६१, धंदा निवृत्त शिक्षिका, राहणार आंबोली, अंधेरी पश्चिम.

मी आज आपणहून पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे यजमान हयात नाहीत. याच भागातील एका कॉन्व्हेंट शाळेत मी एकतीस वर्षे इंग्रजी व इतिहास शिकवला. माझे स्वतःचे शिक्षणही तिथेच झाले.

रविवारी, १० तारखेला, परप्रांतातील एका विद्यापीठाची एम.ए. इतिहासाची प्रवेशपरीक्षा होती. आमची शाळा तिचे केंद्र होती. पर्यवेक्षक कमी पडल्यामुळे मला बोलावले होते. माझ्याकडे वरच्या मजल्यावरचा कोपऱ्यातला वर्ग होता. पूर्वी तिथे नववी ब बसत असे. प्रवेशपत्रे खाली दारावर दुसऱ्यांनी तपासली होती.

पेपर वाटून झाल्यावर मी फेरी मारत होते. खिडकीजवळच्या उमेदवाराने उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर बारीक अक्षरात जे. एम. जे. लिहिलेले दिसले. म्हणजे जीझस, मेरी, जोसेफ. कोणताही पेपर सुरू करण्याआधी हे लिहायचे, असे सिस्टर आम्हाला शिकवत, मग मुलगी कोणत्याही धर्माची असो. मी अजून वाणसामानाच्या यादीवरही लिहिते. प्रवेशपरीक्षेत मात्र उत्तरपत्रिकेवर कसलीही खूण करायला मनाई आहे. ते खोडायला सांगावे म्हणून मी वाकले. तिने वर पाहिले. ती माझी विद्यार्थिनी होती. समोरच्या प्रवेशपत्रावर नाव दुसऱ्याच मुलीचे होते आणि फोटोही त्या दुसरीचाच.

ती हळू आवाजात म्हणाली, "मिस, काही बोलू नका ना. सर गेटवर उभे आहेत."

मुलीला मध्येच बाहेर जायचे असेल तर पर्यवेक्षिकेने सोबत जायचे, असा नियम आहे. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना लक्ष ठेवायला सांगून मी तिला व्हरांड्यात नेले. तिने सांगितले ते असे. हे सर म्हणजे शिवदास (आडनाव मला माहीत नाही), तो जोगेश्वरीला क्लास चालवतो. स्वतःच्या एम.ए. प्रवेशासाठी तिने आपले बी.ए.चे मार्कशीट, लिव्हिंग वगैरे त्याच्याकडे दिले होते.

"ओरिजिनल कशाला दिलीस गं?"

"सर म्हणाले, युनिव्हर्सिटीत दाखवून आणतो. आमच्या घरात कॉलेजात कोण गेलंय मिस, मला कोण सांगणार? आता म्हणतात, दुसरीच्या नावावर पेपर लिही, मग कागद घेऊन जा. शुक्रवारी माझ्या ॲडमिशनची शेवटची तारीख आहे."

चॅपलमागचे फाटक आठवते का, असे मी तिला विचारले.

"आठवतं ना. वडापाव आणायला तिथूनच पळायचो. तुम्हाला माहीत होतं?"

"वर्गभर वास यायचा," मी म्हणाले. ती हसली, आणि लगेच रडू लागली.

ती त्या फाटकाने गेली. मी वर्गात येऊन 'उमेदवार पेपर अर्धवट सोडून गेली' अशी नोंद केली. तोतया उमेदवाराला केंद्रप्रमुखांच्या ताब्यात द्यायला हवे होते. मी दिले नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला शिवदास दोन माणसांना घेऊन माझ्या घरी आला. जिन्यात पावले वाजली तेव्हाच मी स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले होते. तो न सांगता बसला. बोलणे फार गोड होते.

"मिस, आमची एक मुलगी हरवलीय. तुमच्या वर्गातून."

"परीक्षा झाली की मुली घरी जातात."

"ही नाही गेली. आम्ही घरी जाऊन आलो ना." मग म्हणाला, "तिची ओरिजिनल माझ्याकडे आहेत. काडी लावायला कितीसा वेळ लागतो? आणि तुम्ही एकट्याच राहता ना मिस? जिना फार काळोखा आहे तुमचा. बल्ब लावून घ्या."

त्याच्यासोबतच्या एका माणसाने खिडकीची कडी लावून पाहिली, परत काढली.

त्या वेळी घरात आणखी कोणी होते का, असे विचारल्यावरून सांगते की, मी एकटी राहते हे वर आलेच आहे.

सोमवारी त्यांतला एक जण दिवसभर समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभा होता. मी दूधवाल्यालाही दार उघडले नाही. आज सकाळी तो दिसला नाही, म्हणून निघता आले. मी घाबरले आहे, हेही लिहून घ्यावे. घरापर्यंत सोबत शिपाई मिळावा आणि तो जिन्याशी थांबावा, ही विनंती.

मुलीचे नाव कळल्याशिवाय तिचे कागद कसे शोधणार, असे साहेब म्हणाले. "बाई, सांगून टाका, आम्ही सांभाळून घेऊ." साहेबांचा हेतू चांगला आहे. पण नाव एकदा कागदावर आले की ती आरोपी होईल आणि तिला कुठेच प्रवेश मिळणार नाही. मी नाव सांगत नाही. ती कुठे आहे, तेही सांगत नाही.

शिवदासच्या क्लासात एक हिरवे लोखंडी कपाट आहे. त्यात पुष्कळ मुलामुलींचे मूळ कागद असेच अडकवून ठेवलेले आहेत, असे तिने मला सांगितले. ते कपाट शुक्रवारच्या आत उघडावे. सगळ्यांनाच ठाण्यात बोलावून ज्याचे त्याला परत द्यावे. आपले कागद हातात घेताना एखादी मुलगी रडली, तर ती हीच का, असे मला विचारू नये.

जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. त्या मुलीचे नाव त्यात कुठेही नाही, एवढे पुन्हा एकदा वाचायला लावून मी खाली सही केली.

(सही) अ. श्या. कोठारे