मामांच्या पोटाच्या पुड्या

मामांनी पोटाचं औषध घेतलं नाही यात त्यांची काही चूक नव्हती, हे आधीच सांगतो. मागच्या थंडीत सांगोल्याचे मामा-मामी सोलापूरला आमच्याकडे आले आणि मामांना व्हायरल ताप भरला. खोकला होताच, वर पोटही बिघडलं. बोलायचं त्राण राहिलं नाही, तेव्हा आम्ही घाबरून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तापाच्या गोळ्यांबरोबर मामींच्या हातात पुड्या दिल्या. म्हणाले, "मावशी, यात दह्यातल्यासारखे जिवंत जंतू असतात. पोटाला जरा आराम पडेल."

ताप उतरला, पण जुलाब काही थांबेनात. मामांना घेऊन पुन्हा दवाखाना गाठला.

"पुड्या दिल्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय," मामी म्हणाल्या. "आदी जंतू जित्ते हायत का मेलेत, बगाय नको? समद्या पुड्या दुधाला लावल्या. दही लई घट्ट लागलं."

"बरं, ते दही तरी मामांना दिलंत?"

"खोकल्यात दही कोण देतंय, डाक्टर? आमीच संपवलं की."

डॉक्टरांनी हसू दाबत नव्या पुड्या लिहिल्या आणि कागद माझ्या हातात दिला. तेवढ्यात मामा आजारात पहिल्यांदाच नीट बोलले, "डाक्टर, ह्यांची पोटं मातुर लई झ्याक हायत बगा."