घोड्यांची शिदोरी

१९५० साली आमच्या संस्थानाचं घोडदळ देशाच्या सैन्यात सामील होत होतं. जयेंद्रगंजच्या दवाखान्यात मी आईबरोबर बसले होते. समोर आमचे शेजारी जयसिंहराव, पागेच्या गवतकोठीचे जमादार, हाताला फडकं बांधून, बरोबर त्यांच्या पत्नी उषाताई.

"बसा ना हो. किती वेळा उठाल?"

"घोडे परवा मेरठच्या गाडीत चढणार, अन् मी इथे बसू? गवताची मोठी गासडी डब्यात एकट्या माणसाला हलवत नाही. सगळ्या फोडून लहान करायच्यात."

"म्हणून तारेने हात फाडून घेतलात."

"घाई झाली. एरवी छपराखाली काम काय झकास चाललंय! एक जण तार कापतो, दुसरा गवत झटकतो, तिसरा खोक्यात दाबून बांधतो. दव नाही, वारा नाही."

"मेरठला गवत उगवत नाही वाटतं?"

"नवं एकदम घातलं तर पोट बिघडतं त्यांचं. इथलं थोडं थोडं मिसळत जायचं."

"अन् माझं?"

"तू कुठे येते म्हणालीस? साहेब उद्या विचारणार, कुटुंब बरोबर की मागे?"

"मागे म्हणून सांगा."

"अगं, घोडेसुद्धा चाललेत."

"त्यांना कोणी विचारलंय?"

"चलो, अगला कौन?" कंपाउंडर ओरडला.

जयसिंहराव घोड्यांबरोबर गेले. पुढे घोडे कुठे कुठे वाटले गेले. जयसिंहराव मात्र मेरठलाच निवृत्त झाले. उषाताईही दिवाळीनंतर मेरठला गेल्या. त्याआधी दोन दिवस माजघरात बसून त्यांनी घरच्या गव्हाचं मोठं पोतं उसवलं आणि एकटीला उचलवतील अशा लहान लहान पिशव्या भरून शिवल्या.